ऑटिस्टिक माणूस कॅज्युअल्टीत येतो तेव्हा

आपल्याकडे कुठल्याही दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काय होतंय?" बहुतेकांना त्याचा रोख बरोबर कळतो. कुठे दुखतंय, कधीपासून, किती, सोबत ताप-उलटी आहे का, हे सगळं त्यात आलं असं धरून आपण बोलायला लागतो. ऑटिस्टिक माणसाला मात्र हा प्रश्न भलताच मोठा वाटू शकतो. या क्षणी काय काय होतंय? डोक्यावरची ट्यूबलाइट लुकलुकतेय, शेजारच्या खाटेवरचा मॉनिटर सारखा वाजतोय, फिनेलचा वास घशात बसलाय, शर्टाचं लेबल मानेला टोचतंय आणि पोटात काहीतरी बिनसलंय. यातलं नेमकं कुठलं सांगायचं? तो गप्प राहतो, नाहीतर "ट्यूबलाइट" म्हणतो. डॉक्टर त्याला सोडून त्याच्या आईकडे वळतात. उपचारातली गडबड बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लहान मूल येतं. थेरपी, खास शाळा, पालकांचे गट, सगळं बालपणाभोवती फिरतं. पण ऑटिझम वयाबरोबर जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ माणसांमागे एक जण ऑटिस्टिक होता, आणि त्यात सगळ्या वयाची माणसं धरली आहेत. त्यांनाही अपेंडिक्स होतं, हाड मोडतं, छातीत कळ येते. आपल्याकडे चाळिशीपुढच्या कितीतरी ऑटिस्टिक माणसांचं निदान कधी झालेलंच नाही. घरात ती "जरा वेगळी", गल्लीत "वेडसर" आणि जुन्या फाइलवर "मतिमंद" असतात. काही जण नोकरी करतात, संसार करतात, छान बोलतात. त्यांच्याकडे पाहून कुणाला शंकाही येत नाही. पण भरपूर बोलणारा माणूसही तीव्र वेदनेत आणि गोंगाटात शब्द हरवून बसू शकतो. त्यामुळे "हा तर एरवी चांगला बोलतो" यावर रुग्णालयाने विसंबून राहू नये.

कॅज्युअल्टीची रचनाच अशी आहे की तिथे भराभर बोलणाऱ्याचं निभावतं. डॉक्टरांकडे वेळ कमी असतो. पेशंट काय सांगतो, चेहरा कसा दिसतो, कण्हतो का, डोळ्याला डोळा देतो का, यावरून ते आजार किती गंभीर आहे याचा पहिला अंदाज बांधतात. कुणाला आधी पाहायचं हेही त्यावरच ठरतं. ऑटिस्टिक माणसाच्या बाबतीत यातली जवळजवळ प्रत्येक खूण फसवी ठरू शकते. आवाज सपाट, चेहरा कोरा, नजर भलतीकडे. तो गंभीर आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

वेदनेचं उदाहरण घेऊ. भूक, तहान, लघवीची जाणीव, मळमळ, कळ असे शरीराच्या आतून येणारे निरोप ओळखणं, त्यांचा अर्थ लावणं अनेक ऑटिस्टिक लोकांना अवघड जातं. या आतल्या जाणिवेला इंटरोसेप्शन म्हणतात. एखाद्याचं बोट चांगलं खोल कापलं तरी कपाळावर आठी येत नाही, आणि त्यालाच कुणी डोक्यावरून हात फिरवला तर तो किंचाळतो. ऑटिस्टिक लोकांना दुखतच नाही हा जुना समज मात्र साफ चुकीचा आहे. दुखतं, कधीकधी इतरांपेक्षा जास्त दुखतं. ते बाहेर दिसण्याची रीत वेगळी असते.

"शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" हा प्रश्नही म्हणूनच कामाचा राहत नाही. दहा म्हणजे कल्पनेतली सर्वांत वाईट वेदना, असं डॉक्टर सांगतात. ऑटिस्टिक माणूस हे शब्दशः घेतो. जिवंत जळण्याच्या वेदनेला दहा दिले तर हे दुखणं चार होईल, असा प्रामाणिक हिशोब करून तो "चार" म्हणतो. अपेंडिक्स फुटण्याच्या बेतात असलेला माणूस सपाट आवाजात "चार" म्हणाला, तर त्याला बाकावर बसवून ठेवणार हे उघड आहे. त्याऐवजी रोजच्या वागण्याला धरून विचारलं तर माहिती मिळते. काल रात्री झोप लागली का? सकाळपासून काय खाल्लं? आत्ता चालता येतं का? रोज बघतोस ते व्हिडिओ आज बघितलेस का? रोजची आवडती गोष्ट ज्याने सोडली, त्याचं दुखणं साधं नाही असं धरून चालावं.

आता मुख्य धोक्याकडे येतो. पेशंटच्या नावापुढे एकदा "ऑटिझम" लिहिलं गेलं की पुढचं सगळं त्याच रकान्यात टाकलं जातं. ओरडतोय? ऑटिझम. मारतोय? ऑटिझम. जेवत नाही? ऑटिझम. वैद्यकीय भाषेत याला डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग असं नाव आहे : एका निदानाच्या सावलीत दुसरा आजार दिसेनासा होतो.

माझ्या मावसभावाचं इथे सांगायलाच हवं. तो तिशीतला, मोजकं बोलणारा. एकदा त्याने अचानक भिंतीवर डोकं आपटायला सुरुवात केली, जेवण सोडलं, कुणाला जवळ येऊ देईना. मावशीने त्याला एका खासगी रुग्णालयात नेलं. केस पेपरच्या पहिल्या ओळीत "नोन केस ऑफ ऑटिझम, अ‍ॅग्रेसिव्ह बिहेवियर" असं लिहिलं गेलं आणि त्यानंतर तो कागद ज्याच्या हातात गेला, त्याने तेवढी एकच ओळ वाचली. इंजेक्शन देऊन त्याला झोपवलं. मानसोपचारतज्ज्ञ दुसऱ्या दिवशी येणार होते. रात्रीच्या ड्यूटीवरच्या एका इंटर्न मुलीने मावशीला सहज विचारलं, "काकू, हा नेहमी एकाच बाजूने डोकं आपटतो का हो?" हो, डाव्या. तिने टॉर्च घेतला, तोंड उघडून पाहिलं. डावीकडची दाढ किडून हिरडीत पू झाला होता. मानसोपचारतज्ज्ञांची गरजच उरली नाही. त्या मुलीने कुठलीही महागडी तपासणी केली नव्हती. तो डोकं कसं आपटतो, एवढंच तिने विचारलं होतं.

म्हणून नियम असा हवा : ऑटिस्टिक माणसाचं वागणं एकाएकी बदललं, तर आधी शरीरात कारण शोधायचं. दात, कान, घसा, तुंबलेली लघवी, बरेच दिवसांची बद्धकोष्ठता, पोटातलं दुखणं, लक्षात न आलेलं फ्रॅक्चर, स्त्रियांमध्ये पाळीशी किंवा गर्भाशयाशी संबंधित त्रास, नव्या औषधाचा दुष्परिणाम. फिट्सचाही विचार करायचा, कारण ऑटिस्टिक लोकांमध्ये अपस्माराचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आहे. हे सगळं पाहून झाल्यावर मग वागणुकीकडे वळायचं.

हा नियम मोडला की काय होतं, हे इंग्लंडने एका अठरा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूतून शिकलं. ऑलिव्हर मॅकगोवन ऑटिस्टिक होता, त्याला अपस्मार होता आणि सौम्य बौद्धिक अक्षमता होती. २०१६ मध्ये फिट्स येत असल्यामुळे त्याला ब्रिस्टलच्या रुग्णालयात दाखल केलं. तो घाबरलेला होता, अस्वस्थ होता. अँटिसायकॉटिक प्रकारची (तीव्र मानसिक आजारांवरची) औषधं आपल्याला सोसत नाहीत हे त्याने स्वतः सांगितलं होतं, आईवडिलांनीही सांगितलं होतं. तरीही त्याला ओलान्झापिन हे त्याच प्रकारचं औषध दिलं गेलं. त्यातून न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम झाला. या औषधांची ही दुर्मीळ पण जीवघेणी प्रतिक्रिया आहे : ताप भयंकर चढतो, स्नायू लाकडासारखे ताठ होतात, शुद्ध हरपत जाते. मेंदूला सूज आली आणि ११ नोव्हेंबर २०१६ रोजी ऑलिव्हर गेला. २०१८ च्या न्यायिक चौकशीत औषध देण्याचा निर्णय योग्य ठरवला गेला. २०२० मध्ये आलेल्या स्वतंत्र अहवालाने मात्र हा मृत्यू टळू शकला असता असं म्हटलं. त्याच्या आईने, पॉला मॅकगोवन यांनी, पाठपुरावा सोडला नाही. इंग्लंडमध्ये २०२२ च्या आरोग्य कायद्याने नोंदणीकृत आरोग्यसेवांमधल्या कर्मचाऱ्यांना ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमतेचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. ऑलिव्हरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रशिक्षणात ऑटिस्टिक माणसं स्वतः शिकवायला असतात. मला त्यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

शांत करण्याच्या इंजेक्शनविषयी आपल्याकडेही बोलायला हवं. त्याची गरज कधीच नसते असं नाही. जिवाला धोका असेल, सीटी स्कॅन तातडीचा असेल तर ते द्यावं लागतं. पण ते देण्यापूर्वी पूर्वी कुठलं औषध सोसलं नाही हे विचारणं, आणि तोंडी सांगितलेलं उत्तर कागदावर ठळक लिहिणं, याला अर्धा मिनिट लागतो. हातपाय धरून पालथं दाबून ठेवणं तर कुणाच्याच बाबतीत करू नये. त्यात श्वास कोंडतो.

त्रासाचा अतिरेक झाला की दोन गोष्टी होतात. एकाच वेळी गिझर, इस्त्री आणि मिक्सर लावला की घरातला एमसीबी पडतो, तसं मेंदूचं होतं. काही जणांचा उद्रेक होतो : ओरडणं, स्वतःला मारून घेणं, पळत सुटणं. याला मेल्टडाउन म्हणतात. यात हट्ट नसतो, समोरच्याला त्रास द्यायचा हेतू नसतो. काही जण उलट पूर्ण बंद होतात : बोलत नाहीत, हलत नाहीत, हाकेला उत्तर देत नाहीत. हा शटडाउन. कॅज्युअल्टीत दारू प्यायलेला, नाटक करणारा किंवा शुद्ध हरपत चाललेला समजला जातो तो हाच माणूस.

इथे ग्लासगो कोमा स्केलचा घोटाळा समजून घेऊ. बेशुद्धीची पातळी मोजायची ही पद्धत सगळीकडे वापरतात. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६, एकूण १५. जो माणूस एरवीही बोलत नाही, त्याचे बोलण्याचे गुण ठणठणीत असतानाही कमी भरतात. आणि जो एरवी भरपूर बोलतो तो आज गप्प झाला, तर तो शटडाउन आहे की मेंदूत रक्तस्राव आहे हे नुसतं बघून सांगता येत नाही. दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. उपाय एकच : एरवी हा माणूस कसा बोलतो, कसा वागतो, हे त्याला ओळखणाऱ्याकडून पहिल्या पाच मिनिटांत विचारून केस पेपरवर लिहायचं. अनेक रुग्णालयांत नेमकं याच वेळी सुरक्षारक्षक नातेवाइकांना बाहेर काढत असतो.

प्रश्न कसे विचारावेत, हे शिकायला फार दिवस लागत नाहीत. एका वेळी एक प्रश्न. उत्तराची वाट बघायची, मनात सावकाश दहापर्यंत मोजायचं, आणि मध्येच तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायचा नाही, कारण त्याच्यासाठी तो नवा प्रश्न होतो आणि विचार पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो. "काय होतंय?" ऐवजी "पोटात दुखतंय का? बोटाने दाखवा." डोळ्यांत बघून बोलण्याचा आग्रह नको, नजर दुसरीकडे असली तरी लक्ष तुमच्याकडेच असू शकतं. बोलता येत नसेल तर कागद-पेन द्या, मोबाइलवर टाइप करू द्या. काही जण चित्रांवर बोट ठेवून बोलतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं "जेलो" हे अशा चित्र-संवादाचं मोफत अ‍ॅप मराठीतही आहे. ते असलेला मोबाइल किंवा टॅब तपासणीच्या वेळी काढून घेणं म्हणजे त्या माणसाचा आवाज काढून घेणं.

आपल्या प्रेमळ बोलण्याच्या सवयीही इथे आड येतात. "काही नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल" असं म्हणून सुई टोचली आणि ती मुंगीपेक्षा जास्त दुखली, की विश्वास संपला. पुढचं सलाइन लावताना झटापट ठरलेली. "दोन मिनिटं थांबा" म्हटलं तर तो खरंच घड्याळ लावून बसेल आणि तिसऱ्या मिनिटाला बेचैन होईल. खरं सांगा : "एक तास लागू शकतो. मी साडेसात वाजता येऊन सांगेन." आणि साडेसातला या, सांगायला काही नसलं तरी या. ऑटिस्टिक माणसाला वाट बघण्यापेक्षा अनिश्चिततेचा त्रास जास्त होतो.

तपासणीही सांगून करायची. बीपीचा पट्टा आधी दाखवा, हवं तर आईच्या हाताला लावून दाखवा, "हात घट्ट आवळला जाईल, मग सैल होईल" असं सांगा आणि मग बांधा. ईसीजीची जेली गार लागते, हे आधी सांगितलं तर धक्का बसत नाही. हलका, निसटता स्पर्श अनेकांना असह्य होतो. हात ठेवायचा तर स्थिर आणि सांगून ठेवावा. कोपऱ्यातली खाट, एक दिवा बंद, पडदा ओढलेला, कानाला हेडफोन, स्वतःच्या घरची चादर : यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. मोठ्या रुग्णालयात वेगळी शांत खोली असती तर फारच छान, पण तिची वाट बघत बसायचं कारण नाही. सिस्टर, मावशी, वॉर्डातले मामा आणि दारावरचा रक्षक यांना हे सांगणं मला तज्ज्ञांच्या परिषदेपेक्षा अधिक गरजेचं वाटतं, कारण पेशंटशी पहिला संबंध यांचाच येतो.

घरच्यांनी आधीच करून ठेवण्यासारखं एक काम आहे. ब्रिटनमध्ये अनेक ऑटिस्टिक लोक "हॉस्पिटल पासपोर्ट" जवळ बाळगतात : एका-दोन पानांत स्वतःविषयीची माहिती, डॉक्टरांनी उभ्या उभ्या वाचावी अशी. आपल्याकडे कुणीही तो साध्या कागदावर करू शकतो. शक्यतो त्या माणसाने स्वतः, त्याच्या शब्दांत लिहावा. उदाहरणार्थ :

"मी ऑटिस्टिक आहे. मला ऐकू येतं आणि समजतं. घाबरलो की मला बोलता येत नाही, तेव्हा लिहायला द्या. फार दुखलं की मी रडत नाही, एकटाच पुढे-मागे डोलतो. मला उजव्या हातावर सुई चालते, डाव्या नाही. चिकटपट्टी काढताना आधी सांगा. अमुक औषधाने मला त्रास झाला होता, ते देऊ नका. फिट्सची गोळी रात्री नऊला असते, ती चुकवू नका. माझ्या बहिणीला माझ्याजवळ थांबू द्या."

वर नाव, वय, रक्तगट, चालू औषधं आणि दोन फोन नंबर. एक प्रत पाकिटात, एक मोबाइलमध्ये फोटो म्हणून, एक घराच्या दाराशी. १०८ ची अँब्युलन्स बोलावली तर फोनवरच सांगावं की पेशंट ऑटिस्टिक आहे, शक्य असेल तर घराजवळ सायरन बंद ठेवा.

जे एकटे राहतात किंवा स्वतःचं स्वतः बघतात, त्यांची अडचण त्याही आधी सुरू होते. आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञ डॉ. मेरी डोहर्टी स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांच्या गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ८० टक्के ऑटिस्टिक प्रौढांनी डॉक्टरांकडे जाणं अवघड जातं असं सांगितलं. इतरांमध्ये हे प्रमाण ३७ टक्के होतं. ७२ टक्क्यांना हा त्रास डॉक्टरांकडे जाण्याइतका आहे का हेच ठरवता येत नव्हतं, तर ६२ टक्क्यांना फोन करून वेळ घेणं जमत नव्हतं. दुखणं अंगावर काढून शेवटी कॅज्युअल्टीत पोहोचण्याची वाट इथून जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा लिखित मेसेजने अपॉइंटमेंट देणारा फॅमिली डॉक्टर यातले कितीतरी प्रसंग आधीच अडवू शकतो.

कायदा या माणसांच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे, त्यात ऑटिझम आहे. कलम २५ नुसार सरकारी आणि खासगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळाविरहित प्रवेश आणि तपासणी-उपचारांत प्राधान्य मिळायला हवं. आपण "अडथळा" म्हटलं की रॅम्प आणि व्हीलचेअर आठवतो. पण याच कायद्यात संवादाच्या व्याख्येत सोपी भाषा, चित्रं, लिखित मजकूर आणि संवादाची पर्यायी साधनं आलेली आहेत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, जवळ असेल तर प्राधान्य मागणं सोपं जातं. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या "निरामय" योजनेत ऑटिस्टिक व्यक्तीला वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे.

संमतीचं मात्र नीट समजून घ्यावं. अठरा वर्षं पूर्ण झालेला ऑटिस्टिक माणूस कायद्याने प्रौढ आहे. सहीसाठी थेट वडिलांपुढे कागद सरकवण्याआधी त्याला सांगा, विचारा, समजायला वेळ द्या. गरजच असेल तर राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक (गार्डियन) नेमते. ते काम कुटुंबाने तब्येत ठीक असतानाच करून ठेवावं. जीव वाचवण्याचे तातडीचे उपचार सहीवाचून अडत नाहीत, अडवूही नयेत. आणि नातेवाईक बोलत असताना पेशंट समोर आहे, ऐकतोय, याचं भान सगळ्यांनीच ठेवायला हवं. "याला काही कळत नाही" हे वाक्य त्याच्या खाटेपाशी उभं राहून कितीदा तरी बोललं जातं.

घरी सोडतानाच्या सूचना हा शेवटचा टप्पा, आणि तिथे रुग्णालयं फारच ढिली असतात. "त्रास वाटला तर या" ही सूचना ज्याला त्रास ओळखताच येत नाही त्याच्या काही कामाची नाही. त्याला आकडे आणि खुणा द्या, मराठीत, टाइप करून किंवा सुवाच्य अक्षरात : सकाळी आठ आणि रात्री आठला थर्मामीटर लावा, ताप १०१ च्या वर गेला तर या. सलग दोन वेळा उलटी झाली तर या. आठ तासांत लघवी झाली नाही तर या. टाके काढायची तारीख, वार, वेळ आणि खोली क्रमांक लिहा. आणि खाली एक असा नंबर द्या, ज्यावर फोन न करता मेसेज पाठवला तरी चालेल.